सर्वसाधारण सभा (सहकारी गृहनिर्माण संस्था)

सर्वसाधारण सभा ही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सदस्यांची सभा होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार या सभेकडे असतो. निवडून आलेली व्यवस्थापक समिती दैनंदिन कारभार पाहते व सभेला उत्तरदायी असते.

== प्रकार ==
* '''वार्षिक सर्वसाधारण सभा''' : आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तीत ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल व अंदाजपत्रक मांडले जाते आणि लेखापरीक्षकाची नेमणूक होते. वाजवी कारणाशिवाय सभा न बोलावणारे पदाधिकारी अपात्र ठरू शकतात.
* '''विशेष सर्वसाधारण सभा''' : अध्यक्ष किंवा समितीचे बहुमत ती केव्हाही बोलावू शकते. एक-पंचमांश सदस्यांनी, किंवा उपविधींतील संख्या त्याहून कमी असल्यास तितक्या सदस्यांनी, लेखी मागणी केल्यास ती एका महिन्यात बोलावणे बंधनकारक असते.

== सूचना ==
आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस व विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेत स्थळ, वेळ व विषयपत्रिका असते. आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने चर्चेस येतात; मात्र उपविधी दुरुस्तीसारखे, पूर्वसूचना आवश्यक असलेले विषय असे घेता येत नाहीत.

== गणपूर्ती ==
एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असलेली संख्या ही गणपूर्ती होय. अर्ध्या तासात ती न झाल्यास सभा तहकूब होते. सूचनेत नमूद असल्यास ती त्याच दिवशी नंतरच्या वेळी, अन्यथा ७ ते ३० दिवसांच्या दरम्यान भरते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने विषयपत्रिकेवरील विषयांचा निर्णय उपस्थित मोजके सदस्यही घेऊ शकतात आणि तो अनुपस्थितांवरही बंधनकारक असतो. त्यामुळे सूचना प्रत्येक सदस्यापर्यंत पोहोचणे हेच अनुपस्थितांचे मुख्य संरक्षण ठरते.

== मतदान ==
सदनिकेचे क्षेत्रफळ किंवा भागांची संख्या कितीही असली, तरी एका सदस्यास एकच मत असते. मत स्वतः उपस्थित राहून द्यावे लागते. ते देण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीस नेमता येत नाही. समान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असते.

== इतिवृत्त ==
सभेतील ठराव, सूचक-अनुमोदकांची नावे व मतदानाचा निकाल इतिवृत्तात नोंदवला जातो. मसुदा सदस्यांना पाठवून त्यावर हरकती मागवल्या जातात. पुढे वाद उद्भवल्यास इतिवृत्त हाच मुख्य लेखी पुरावा ठरतो.