गनिमी कावा आणि मुळशीचे खोरे

'गनिमी कावा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यात दडलेला विरोधाभास नजरेआड होतो. 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगल ज्यांना गनीम म्हणत, त्या मराठ्यांनी शत्रूने दिलेले नाव आपल्या युद्धपद्धतीसाठी बिरुदासारखे मिरवले. 'कावा' या शब्दाला कपटाचा अर्थ आहे, तसा घोड्याला गोल फिरवण्याचाही आहे. आमच्या मते, या पद्धतीचे मर्म दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ आहे.

लपणे हे या युद्धाचे अर्धेच कौशल्य होय. फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखानाची फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरून उंबरखिंडीत आली. मराठे झाडीत दबा धरून बसले होते. परंतु निर्णायक ठरली ती वाटांची कोंडी. पुढची वाट अडलेली, मागची बंद, आणि जवळ पाणी नाही. खानाला शरण येण्यावाचून गत्यंतर उरले नाही. परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. 5 एप्रिल 1663 च्या रात्री लाल महालात शिरून शायिस्तेखानाची बोटे छाटली गेली, तेव्हाही आत शिरण्याइतकेच सुखरूप बाहेर पडणे महत्त्वाचे होते. नेमक्या क्षणी प्रकट होणे आणि परतीची वाट राखणे, ही या कौशल्याची उरलेली बाजू.

हे सारे शक्य झाले ते भूमीमुळे. मुळशी तालुक्यातील कोराईगड आणि घनगड हे किल्ले कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर लक्ष ठेवीत. पौड, मुठे, मोसे या खोऱ्यांतील मावळ्याला ओढा, करवंदीची जाळी आणि पावसातली निसरडी वाट शिकवावी लागत नव्हती. त्याचे खरे शस्त्र तलवारीआधी परिचय हेच होते.

म्हणूनच 1921 साल आम्हाला अस्वस्थ करते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी याच खोऱ्यात धरण बांधले जाऊ लागले आणि 16 एप्रिल 1921 रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे प्रमुख नेते. सत्याग्रहाचा नियम गनिमी काव्याच्या नेमका उलट: लपायचे नाही, शत्रूसमोर उघड बसायचे. लढ्याच्या अखेरच्या टप्प्यात बापट हिंसेकडे वळले आणि त्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. धरण मात्र झालेच.

या पराभवाचे कारण मावळ्याचे शौर्य आटले, असे मानणे अन्यायाचे होईल. उंबरखिंडीत शत्रूला भूमीतून वाट काढायची होती. मुळशीत त्याला भूमीच हवी होती. भूसंपादनाच्या कागदाला खिंडीत कोंडता येत नाही. ज्या परिचयाच्या बळावर मावळा लढत असे, तो परिचयच गावे आणि शेते यांच्यासह पाण्याखाली गेला.

उंबरखिंडीचे वर्णन आपण वर्गात रंगवून सांगतो. त्याच तासाला मुळशीच्या जलाशयाविषयीही बोलले पाहिजे. एरवी गनिमी कावा ही केवळ चातुर्याची कथा उरेल, आणि त्या चातुर्याला आधार देणारी माती व माणसे विस्मरणात जातील.