कृष्णाकाठची वाई आणि चित्रपट

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णेच्या काठावरचे घाटांचे आणि देवळांचे गाव. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती आहे. आजचे त्याचे रूप मुख्यतः पेशवाईत घडले. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. पुराचे पाणी देवळावर आदळू नये म्हणून मागची भिंत मत्स्याकार ठेवली आहे. तिच्या टोकाशी प्रवाह दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो.

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांनी सहा चौकांचा वाडा, नदीवर घाट आणि मेणेश्वराचे देऊळ उभारले. घाटावरच्या देवळापाशी एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर तिथल्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

नदीकाठचे तीर्थक्षेत्र चित्रीकरणासाठी निवडण्याची वाट महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी घालून दिली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्येच, त्यांनी मुंबईहून नाशिकला मुक्काम हलवला. डोंगर, गोदावरी आणि देवळे तिथे हाताशी होती. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट त्यांनी नाशिकला तयार केले.

वाईला हिंदी चित्रपटांचा ओघ विशेषतः १९९० नंतर वाढला. ओळीने पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, शिखरे, जुने वाडे, उसाची शेते आणि पाठीशी पाचगणीचे डोंगर, हे सारे थोड्या परिसरात मिळते. शिवाय पुणे दोनअडीच तासांवर आहे आणि मुंबईहूनही मंडळी एका दिवसात येऊन पोहोचतात. गंगेच्या खोऱ्यातले गाव दाखवायचे तर तिथवर जाण्याची गरज उरत नाही. म्हणूनच प्रकाश झा यांच्या ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांत वाईचा परिसर बिहार झाला. ‘स्वदेस’मध्ये (२००४) मेणवली हे उत्तर प्रदेशातले चरणपूर होते, तर ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘दबंग’ (२०१०) यांतही उत्तर प्रदेश इथेच उभा राहिला. ‘चेन्नई एक्सप्रेस’ने (२०१३) याच भागात तमिळ गाव वसवले.

चीनमधील शीतांग हे कालव्यांचे जुने गाव ‘मिशन इम्पॉसिबल ३’मध्ये (२००६) चिनी गाव म्हणूनच दिसले. वाईच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा परक्या गावाची भूमिका आली. पडद्यावर गावाचे नाव बदलले तरी घाट नेपथ्यापुरते उरलेले नाहीत. दर वर्षी कृष्णाबाईचा उत्सव गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी अशा आळ्यांच्या घाटांवर आळीपाळीने होतो. कॅमेऱ्याला वाईत जे जिवंतपण सापडते, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या वापरातून आलेले आहे. त्यामुळे घाट, वाडे आणि नदीचे पाणी जपणे हे वाईकरांइतकेच चित्रपटसृष्टीच्याही हिताचे आहे.