आज वार कोणता?

माझी आई पंचांग पाहणारी. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला चाळीतल्या बायका तिच्याकडे येत. दाते पंचांग आमच्या सोलापूरचेच. नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेल्या या पंचांगाने आता शंभरी ओलांडली आहे. आई ते पोथीसारखे जपून ठेवी. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तीच आई दिवसातून वीस वेळा विचारू लागली, "आज वार कोणता रे?"

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला साल, ऋतू, महिना, तारीख आणि वार विचारला. अमेरिकेतील फोल्स्टीन दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या 30 गुणांच्या चाचणीतले हे पहिले पाच प्रश्न. मला मात्र पूजेतला संकल्प आठवला. संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वासर हे पाचही त्यात येतात. कोणतेही कार्य सुरू करण्यापूर्वी माणसाने आपण काळात कुठे उभे आहोत हे मोठ्याने उच्चारायचे, अशी ही जुनी रीत. पाडव्याचे पंचांगही मुळात ऐकायचे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी श्रवण करायचे.

छापील पंचांग घरोघर पोचले तसे हे ऐकणे कमी झाले. 1973 साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि पंचांग भिंतीवर आले. मोठ्या आकड्यांतली तारीख, तिथी, नक्षत्र, सणवार, पानामागे लेख आणि पाककृती. शिवाय दुधाचा हिशेब लिहायला त्याच चौकटी. एका पानात एवढे देणारे दुसरे साधन मराठी घरात क्वचितच असेल.

पण आईसमोर ते पान धरले तेव्हा त्यातली अडचण कळली. आई तीस चौकटींवरून बोट फिरवी आणि विचारी, "यातला आजचा कोणता?" महिन्याचे कॅलेंडर आज कोणता दिवस हे सांगतच नाही. ते आपल्याला ठाऊक आहे असे धरून बाकीचे सगळे सांगते. ‘आज’ सांगणारी साधने दोनच: संकल्प आणि रोज एक पान फाडायचे कॅलेंडर. एकाला उच्चारणारा लागतो, दुसऱ्याला पान फाडणारा.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स फॉल्सम यांनी 1958 च्या सुमारास वृद्ध रुग्णांसाठी एक पद्धत सुरू केली. तिच्यातूनच पुढे ठिकाण, वार, तारीख, हवामान, पुढचे जेवण एवढेच लिहिलेले फळे दिसू लागले. कर्मचारीही बोलताबोलता तेच सांगत. आज बाजारात मिळणारी, वार आणि वेळ मोठ्या अक्षरांत दाखवणारी घड्याळे याच कल्पनेची पुढची पायरी.

मी शाळकरी मुलाची पाटी आणली. वर ‘सोलापूर’, खाली तारीख आणि सगळ्यात मोठा वार. वार मोठा ठेवण्यामागे पंचांगाचाच आधार होता. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडू शकते. वार मात्र ना वाढतो ना गळतो. शिवाय आईचे सगळे आयुष्य वारांना बांधलेले. सोमवारी महादेव, गुरुवारचा उपास, शुक्रवारची देवी. आमच्या गावातल्या मंगळवार, बुधवार, शुक्रवार या पेठांची नावेसुद्धा वारांचीच. पाटी लागल्यावर विचारणे थांबले नाही, पण कमी झाले. ती पाटीकडे पाही, वार मोठ्याने वाची आणि जरा स्वस्थ होई.

दोन चुका मात्र माझ्या हातून झाल्या. दुपारी ती विचारी, "ह्यांची पाळी सुटली का?" वडील गिरणीत होते आणि त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. मी पाटीवरचे साल दाखवून ते सांगे, आणि ती दर वेळी नव्याने रडे. नेओमी फाइल यांनी या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता: सतत दुरुस्ती केल्याने माणूस दुखावतो, म्हणून त्याच्या भावनेला उत्तर द्यावे. मी पाटीवरून साल पुसले. ती विचारते तेव्हा आता वडिलांच्याच गोष्टी काढतो.

दुसरी चूक अधिक गंभीर. एका गुरुवारी मी जुनी कागदपत्रे पाहायला पुण्याला गेलो आणि मुक्काम पडला. शुक्रवारी पाटी बदलायची कोणालाच सुचली नाही. आईने गुरुवार वाचला आणि पुन्हा उपास धरला. घरच्यांनी वाढलेले ताट तिने पाटीकडे बोट दाखवून परत पाठवले. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती चक्कर येऊन पलंगावर पडलेली. इतरांवर तिचा विश्वास राहिला नव्हता, स्वतःवरही नव्हता. पाटीवर मात्र पुरता होता.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी पाटी पुसतो. नवा वार लिहितो आणि तिच्याशेजारी बसून तो मोठ्याने म्हणतो. ती माझ्यामागून म्हणते. मी गावाला गेलो तर हे काम नातीकडे, आणि तशी चिठ्ठी स्वयंपाकघरात लावलेली असते. काल बुधवार होता. मी चुकून ‘मंगळवार’ म्हणालो, तर आई पाटी वाचून म्हणाली, "अरे, बुधवार. नीट बघ की!"