पलंगपोस, जवस आणि कापूस

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता चादरींवर बोलणार?" मी म्हटलं, बोलणार. देकार्तसारखा माणूस सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करायचा, हे आपण कौतुकानं सांगतो. पण त्या अंथरुणात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

विषय डोक्यात शिरला तो नातीमुळे. तिनं नव्या घरासाठी लिननची चादर आणि अभ्रे आणले. चादर पार चुरगळलेली. मी आपला भोळेपणानं म्हणालो, "इस्त्री करून घे गं." ती हसली. "आबा, ही अशीच असते. हाच तर लूक आहे." किंमत ऐकली आणि मी गप्प बसलो. मग मनात आलं, हे लिनन म्हणजे नेमकं काय? पुष्कळांना वाटतं, तागासारखं काहीतरी असेल. तर नाही. लिनन म्हणजे जवस. आपण जिची चटणी करतो ती अळशी. विदर्भात रब्बीला घेतात, निळी फुलं येतात, बी घाण्यावर जातं. त्याच झाडाच्या खोडातून धागा निघतो. धाग्यासाठी पेरायचं तर दाट पेरतात, म्हणजे झाड फांद्या न फुटता सरळ वर जातं. तेलासाठी विरळ पेरतात, म्हणजे फांद्या फुटतात आणि बोंडं जास्त धरतात. झाड एकच, पण त्याच्याकडून काय हवं हे ठरलं की पेरणी बदलते.

आता गंमत पाहा. आपल्याकडे हा धागा माहीतच नव्हता असं नाही. संस्कृतात जवसाला 'अतसी' म्हणतात तसं 'क्षुमा'ही म्हणतात, आणि क्षुमेचं वस्त्र ते 'क्षौम'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याच्या देखरेखीखाली ज्या तंतूंचं सूत काढलं जाई त्यांत लोकर, कापूस, सण यांच्याबरोबर क्षौम आहे. सूत कातणाऱ्यांत विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी आहेत. त्याच प्रकरणात अंथरायच्या आणि पांघरायच्या वस्त्रांचे नाना प्रकार विणून घ्यावेत असंही सांगितलंय. म्हणजे चादर हा राज्यकारभाराचा विषय होता! उत्तम सुती कापड कुठलं, याची यादीही ग्रंथात आहे. तिच्यात मधुरा, कलिंग, काशी, वंग यांच्याबरोबर अपरान्त आहे. अपरान्त म्हणजे आपलं कोकण.

पुढे आपल्याकडे कापूस जिंकला. कारण साधं आहे. कापसाचं बोंड फुटलं की तंतू समोर दिसतो. जवसाचा तंतू खोडात दडलेला. खोड पाण्यात किंवा दवात कुजवायचं, वाळवायचं, कुटायचं, विंचरायचं, तेव्हा कुठे लांब तंतू हाती लागतो. उष्ण देशात, कापूस दारात असताना, हा उपद्व्याप कोण करील? आपण जवसाचं तेल ठेवलं आणि धागा विसरलो.

युरोपच्या थंड, ओल्या प्रदेशात कापूस पिकत नाही. तिथे जवस हाच अंगाला लागणाऱ्या कापडाचा आधार. इंग्रजीत आजही घरातल्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांना सरसकट 'लिनन' म्हणतात, मग ते सुती का असेनात. आणि अंथरूण ही तिथे मालमत्ता होती. शेक्सपिअरनं 1616 च्या मृत्युपत्रात बायकोला आपला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग ठेवला, यावर विद्वानांनी भरपूर हसून घेतलंय. पण त्या वाक्यात पलंगाबरोबर त्याचं 'फर्निचर'ही आहे, आणि तेव्हा त्या शब्दात गाद्या, चादरी, पडदे सगळं येई. एकूण ऐवज काही लहान नव्हता.

लिनन मुळात करड्या-पिवळट रंगाचं. ते पांढरं करणं हा मोठा धंदा होता, आणि त्यात हॉलंडमधलं हार्लेम गाव पहिलं. कापड राखेच्या क्षारात उकळायचं, ताकात भिजवायचं, मग गवतावर पसरून उन्हात ठेवायचं. हे पुन्हा पुन्हा, काही महिने. रॉइसडाल या चित्रकारानं हार्लेमची चित्रं काढलीत, त्यांत माळावर पांढऱ्या पट्ट्या दिसतात. ते पसरलेलं लिनन आहे. हे ताक लक्षात ठेवा, पुढे दूध येणार आहे.

सतराव्या शतकात युरोपच्या शयनगृहात एक पाहुणा आला. इंग्रजीत त्याचं नाव 'पालमपोर'. शब्द परका वाटतो, पण तो आपला 'पलंगपोस'च आहे, मूळ फारसीतून आलेला. हे पलंगपोस कोरोमंडल किनाऱ्यावर, मछलीपट्टणम आणि आसपास तयार होत. सुती कापड, त्यावर कलमानं काढलेला एक मोठा वृक्ष, फुलं, पक्षी. रंग असे की धुतले तरी जाईनात. युरोपला तोवर ही किमया ठाऊक नव्हती. शिवाय लिननवर रंग कापसासारखा बसत नाही, हीही अडचण होतीच.

ही किमया कशी चाले, ते कर्डू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं 1742 च्या पत्रात लिहून ठेवलंय. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. दुधाच्या स्निग्धपणामुळे नंतरची रेघ फुटत नाही. मग तुरटीनं रेखाटलेल्या जागी मुळांचा लाल रंग धरतो, लोखंडाच्या पाण्यानं रेखाटलेल्या जागी काळा. निळीसाठी उरलेला भाग मेणानं झाकायचा. म्हणजे हार्लेमला ताक आणि मछलीपट्टणमला दूध. दोन्हीकडच्या चादरींना गोठ्याचा हात लागलेला! आणि हा कर्डू कोण? संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य दाखवणारा मजकूर त्यानं 1767 मध्ये पॅरिसला पाठवला, विल्यम जोन्सच्या 1786 च्या प्रसिद्ध भाषणाच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. भाषाशास्त्राच्या पुस्तकात तो तळटीपेत असतो. पण धातूंची मुळं आणि रंगाची मुळं एकाच माणसानं तपासली, हे मला फार आवडतं. त्याला रंगाची माहिती दिली ती तिथल्या रंगाऱ्यांनी. त्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

या कापडानं तिकडे दाणादाण उडाली. फ्रान्सनं 1686 मध्येच बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडनं 1700 च्या कायद्यानं रंगीत छापील भारतीय कापडाची विक्री अडवली. पण पांढरं कापड येतच राहिलं आणि लंडनमध्ये छापलं जाऊ लागलं. 1719 मध्ये लंडनचे विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे त्यांनी फाडले. हे वाचताना राग येतो, पण त्या विणकरांच्या घरीही चूल विझत आली होती, तेही विसरून चालत नाही. मग 1721 चा कायदा आला. छापील सुती कापड विकणंच नव्हे तर वापरणंही गुन्हा, आणि त्यात घरातलं कापडही आलं. सरकार अगदी पलंगापर्यंत पोचलं.

याचा फटका डेव्हिड गॅरिक या थोर नटालाही बसला. कलकत्त्यात इंग्रजांनी नाटकगृह उभारलं, त्याला गॅरिकनं मदत केली होती. उपकार म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या पत्नीला मछलीपट्टणमच्या छिटाचे पलंगाचे पडदे पाठवले. जकातवाल्यांनी ते जप्त केले! 1775 मध्ये गॅरिकनं सरकारी खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला आर्जवाची, विनोदी पत्रं लिहिली. तो पलंग आणि ते कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

दरम्यान लँकेशायरवाल्यांनी पळवाट काढली होती. ताणा लिननचा, बाणा कापसाचा. हौसेनं नव्हे. त्यांचं सुती सूत ताण्याचा ओढा सोसत नसे. 1736 च्या कायद्यानं या मिश्र कापडाला मोकळीक दिली. पुढे आर्कराइटच्या 1769 च्या यंत्रानं ताण्याजोगं घट्ट सुती सूत निघू लागलं, आणि 1774 मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या निव्वळ सुती कापडावरची बंदी उठली. बंदीच्या आडोशाला तिथला धंदा वाढला आणि मग तेच कापड आपल्या बाजारात आलं. खुल्या व्यापाराचे धडे आपल्याला नंतर याच लोकांनी दिले. असो.

इथवर आल्यावर नातीच्या सुरकुत्यांकडे परत येऊ. लिननला सुरकुती पडते कारण त्याचा तंतू ताठ, त्याला लवचीकपणा फारसा नाही. पण हवेतली ओल तो चांगली धरतो. प्रमाणित हवेत कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्के, कापूस साडेआठ. म्हणून घामाच्या रात्री लिनन अंगाला चिकटत नाही. आज ते विकण्याआधीच धुऊन-घासून मऊ करतात. जुन्या घरात हे मऊपण वर्षानुवर्षांच्या धुण्यातून येई.

आपल्याकडे त्याचं नाव गोधडी, देशावर वाकळ. आजीची नऊवारी विरत आली की तिचे पदर एकावर एक घालायचे आणि धावदोरा घालत सुटायचं. आमच्या आजीच्या गोधडीला काठ कुणाच्या लग्नातल्या लुगड्याचा ते आम्हाला माहीत असे. थंडीच्या आधी पिंजारी दारात यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू जाई, आणि बसलेली गादी पुन्हा फुगायची. सोलापुरी चादरीवर मात्र आज बोलत नाही, तिला पूर्ण व्याख्यान हवं.

आता सभेतून चिठ्ठी आली आहे, मुंबईच्या दमट हवेत काय घ्यावं? माझं मत सांगतो. लिनन परवडत असेल तर खालची चादर लिननची घ्या. अभ्रे मात्र साध्या विणीचे सुती, कारण नवं लिनन गालाला टोचतं. दर इंचातल्या धाग्यांचा मोठा आकडा पाहून भुलू नका. लिनन मुळात जाड सुताचं, त्याला तो हिशेब लागूच होत नाही. सुती कापडातही फार घट्ट वीण वारा अडवते. दुकानात कापड मुठीत धरा, प्रकाशासमोर धरा. घरी आणल्यावर दोनदा धुऊन मगच अंथरा.

नातीनं ती चादर सहा-सात वेळा धुतल्यावर मला रात्रभर वापरायला दिली. झोप चांगली लागली. सकाळी तिनं विचारलं, आणि मी म्हटलं की गोधडीसारखी व्हायला लागली आहे. तेव्हापासून ती माझ्याकडे आजीची गोधडी मागते आहे.