थरार दिसतो, खटका दिसत नाही

रोलर कोस्टरची गाडी पहिली चढण चढू लागली की खालून टक-टक-टक असा आवाज येतो. थरारक राइड्सवरच्या कार्यक्रमांना हा आवाज फार प्रिय. पडद्यावर तो ऐकू आला की आता काहीतरी भयंकर होणार, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. प्रत्यक्षात तो आवाज सुरक्षेचा आहे. डब्याच्या पोटाखालचा लोखंडी खटका रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून सरकताना एकेका दात्यात पडत जातो, म्हणून ती टकटक. वर ओढणारी साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळू नये, एवढ्यासाठीच तो असतो. जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने 1910 मध्ये अशा खटक्याचं पेटंट घेतलं. जीव सांभाळणाऱ्या यंत्रणेचा आवाज भीती वाढवायला वापरला जातो, यात टेलिव्हिजनने या खेळाची गोष्ट कशी उलटी सांगितली ते सारं आलं. थरार आधी आला आणि सुरक्षा त्याच्या मागून धावत आली, असं आपल्याला वाटत राहतं. इतिहास मात्र असं सांगतो की थरार वाढला तो आधी सुरक्षा सुधारली म्हणून.

1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सुरू केलेली गाडी ताशी जेमतेम दहा किलोमीटरने धावे. चाकं रुळावर नुसती टेकलेली असतील, तर उंचवट्यावरून वेगाने जाणारा डबा उचलला जाणारच. मिलरने 1919 मध्ये रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं आणि डबा रुळांना जखडला गेला. त्यानंतर आठ वर्षांत, 1927 मध्ये, त्याच कोनी आयलंडवर ताशी शंभराच्या आसपास वेग गाठणारं सायक्लोन उभं राहिलं. उलटं फिरवणाऱ्या कड्याचीही हीच कथा. 1895 च्या फ्लिप फ्लॅपचं कडं अगदी गोल होतं. त्यात शिरताच शरीरावर एकाएकी प्रचंड भार येई, माना दुखावत, आणि ते फार काळ टिकलं नाही. कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये 1976 साली रिव्होल्यूशन आलं, तेव्हा वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कड्याला थेंबासारखा आकार दिला. खाली वळण ऐसपैस, वर आवळत गेलेलं. त्यामुळे भार हळूहळू वाढतो आणि मान वाचते. आज लोक हौसेने उलटे होतात ते या गणिताच्या जोरावर.

कॅमेऱ्याला या गणितात रस नव्हता. टेलिव्हिजनकडे वळलेला प्रेक्षक परत आणण्यासाठी 1952 मध्ये सिनेरामाच्या पहिल्या चित्रपटाने सुरुवातीलाच त्याला रोलर कोस्टरच्या पुढच्या बाकावर बसवलं, आणि पुढे टेलिव्हिजननेही तीच जागा पकडली. ‘द ब्रॅडी बंच’ या मालिकेचा 1973 चा एक भाग ओहायोतल्या किंग्ज आयलंड उद्यानात चित्रित झाला. डब्याच्या पुढे जड कॅमेरा बांधला होता. एका ज्येष्ठ अभिनेत्याने हट्ट धरला, की आधी गाडी रिकामी फिरवा. त्या रिकाम्या फेरीत कॅमेरा निसटला, असं कलाकारांनी नंतर सांगितलं. भागात दिसते ती हसणाऱ्या कुटुंबाची सफर. त्यांना वाचवणारी रिकामी फेरी त्यात नाही. पुढे उंचीची शर्यत लागली. 1989 मध्ये सीडर पॉइंटच्या मॅग्नमने 200 फुटांची हद्द ओलांडली, 2005 मध्ये न्यू जर्सीचं किंगडा का 456 फुटांवर गेलं, आणि वाहिन्यांना दर हंगामाला नवा आकडा मिळू लागला.

यावर कुणी म्हणेल, की टेलिव्हिजनने अभियांत्रिकीही दाखवलीच की. खरं आहे. आराखडे, संगणकावरची गणितं, पाण्याने भरलेल्या पुतळ्यांना बसवून घेतलेल्या चाचण्या, हे सगळं चांगल्या माहितीपटांनी मन लावून दाखवलं. पण ते बहुतेक बांधणीपाशी थांबतात. सुरक्षा मात्र उद्घाटनानंतर रोज सकाळी नव्याने कमवावी लागते. ओसाकाच्या एक्स्पोलँडमध्ये मे 2007 मध्ये एका गाडीचा आस तुटला आणि एका तरुणीचा जीव गेला. तो आस 15 वर्षं बदललेला नव्हता. धातूतला थकवा डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी नेमाने तपासणी लागते. भव्य आराखड्यावर प्रेम करणाऱ्या कॅमेऱ्याला या रुक्ष कामाचंही महत्त्व कळायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अपघात अगदी विरळा होतात, मग त्यांवर बोट ठेवून घबराट कशाला पसरवायची? पण अपघात विरळा आहेत ते कुणीतरी रोज काळजी घेतं म्हणून, आणि ती काळजी ढिली पडली की काय होतं ते 2 जून 2015 रोजी इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये दिसलं. तिथल्या स्मायलर या रोलर कोस्टरची एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती. संगणकाने मागची भरलेली गाडी अचूक थांबवली. पुढे गाडी आहे हे ध्यानात न आल्याने कर्मचाऱ्यांनी संगणकाची सूचना डावलून ती सोडली. टक्कर झाली, पाच जण गंभीर जखमी झाले आणि दोघींना पाय गमवावा लागला. बातम्यांत दिवसभर लटकलेली गाडी दिसली. यंत्राने दिलेला इशारा आणि तो डावलू न देणाऱ्या शिस्तीचा अभाव, हे खरं कारण पुढे तपासात आणि खटल्यात उलगडलं. 2016 मध्ये कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला. घबराट पसरते ती अर्धवट दृश्यांनी. कारण समजलं की माणूस घाबरत नाही, योग्य प्रश्न विचारतो.

अशा प्रश्नांची गरज खरी आहे. अमेरिकेत 1981 पासून कायमस्वरूपी उद्यानांतल्या राइड्स केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांची तपासणी राज्यांवर सोपवलेली असल्याने नियम जागोजागी वेगळे. किती फूट उंच, एवढंच ज्याला माहीत आहे, तो नागरिक शेवटची तपासणी कधी झाली हे विचारणार नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची घाई कुठल्याच व्यवस्थेला नसते. म्हणून टेलिव्हिजनने थरार जरूर दाखवावा, पण पहाटे रुळांवरून चालत एकेक बोल्ट तपासणाऱ्या माणसालाही तितकाच वेळ द्यावा. शेकडो फुटांवरून लोकांना सुखरूप खाली आणणं हे त्याचं काम आहे, आणि उंचीचा प्रत्येक विक्रम त्याच्या भरवशावर उभा राहिलेला आहे.