माराकाना, १९५० : एका प्रतीक्षेचा इतिहास

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावलीतून सांगितला जातो. दर चार वर्षांनी त्या स्पर्धेकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रेक्षकांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. तो लिहावयाचा झाल्यास, आमच्या मते, १९५० च्या ब्राझीलपासून आरंभ करावा लागेल. प्रतीक्षेची जागा खात्रीने घेतली म्हणजे काय घडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्हांस अन्यत्र दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ व १९४६ या वर्षांच्या स्पर्धा झाल्याच नाहीत. १९३८ साली फ्रान्समध्ये तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या ब्राझीलला पुढची संधी लाभली ती बारा वर्षांनी, आणि तीही स्वतःच्या भूमीवर. युरोपातील उन्हाळ्याचे हे दिवस रिओमध्ये हिवाळ्याचे असतात. पण उत्साहाला ऋतूचे बंधन नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये माराकाना क्रीडांगणाचे बांधकाम सुरू झाले आणि ते पुरते संपण्याआधीच, २४ जून १९५० रोजी, स्पर्धेचा पहिला सामना तेथे खेळला गेला. भारतालाही या स्पर्धेत स्थान मिळाले होते, परंतु आपला संघ गेला नाही. आपल्याकडे तेव्हा महत्त्व होते ते ऑलिंपिकला. विश्वचषकाची वाट पाहणारा प्रेक्षक अजून घडावयाचा होता.

ब्राझीलच्या संघाने आपल्या प्रेक्षकांना निराश केले नाही. चार संघांच्या अखेरच्या फेरीत त्याने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे नमविले. शेजारच्या उरुग्वेला मात्र स्पेनशी २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले, तर स्वीडनवर त्याने ३-२ असा निसटता विजय मिळविला. त्या वर्षी स्वतंत्र अंतिम सामना नव्हता. गुणांच्या हिशेबाने १६ जुलैच्या ब्राझील-उरुग्वे सामन्यात यजमानांना बरोबरीही पुरेशी होती. मग वाट कशाची पाहावयाची? सामना होण्यापूर्वीच एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापले. रिओच्या महापौरांनी मैदानावरच खेळाडूंना विजेते म्हणून संबोधिले.

अधिकृत नोंदीनुसार त्या दिवशी १,७३,८५० प्रेक्षकांनी तिकिटे काढली होती. प्रत्यक्ष उपस्थिती दोन लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते. उत्तरार्धाच्या आरंभीच फ्रियासाने ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. ६६ व्या मिनिटाला शियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला घिजियाने उरुग्वेचा विजयी गोल केला.

ज्याने केवळ वाट पाहिली, तो पराभव सोसून पुन्हा वाट पाहू शकतो. ज्याने विजय गृहीत धरला, त्याला मात्र आपले काही हिरावले गेल्यासारखे वाटते आणि तो अपराधी शोधू लागतो. ब्राझीलला तो गोलरक्षक मोआसिर बार्बोसामध्ये सापडला. आपल्या काळातील उत्तम गोलरक्षकांत गणला जाणारा हा खेळाडू २००० साली निवर्तला. तोवर, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, त्या एका गोलाचा दोष त्याच्या माथी राहिला. संघाचा पांढरा गणवेशही अपशकुनी ठरला. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या गणवेशासाठी स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रध्वजातील चारही रंग त्यात असावेत, अशी अट होती.

ती स्पर्धा जिंकली आल्दिर गार्सिया श्ली या १९ वर्षांच्या तरुणाने. हिरव्या काठाची पिवळी जर्सी ही त्याचीच कल्पना. तो जाग्वाराव या सीमेवरील गावचा. नदीवरील पूल ओलांडला की उरुग्वे. पुढे तो लेखक झाला आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या दोन्ही भाषांतून त्याने कथा लिहिल्या. ब्राझीलला जगभर ओळख देणारा हा रंग ज्याने सुचविला, तो स्वतः उरुग्वेच्या संघाचा चाहता होता, आणि हे त्याने कधी लपविले नाही.

सीमेलगत किंवा परप्रांतात पिढ्यान्पिढ्या नांदलेल्या आमच्या वाचकांस यात विसंगती वाटू नये. मन कोणाच्या विजयाची वाट पाहील, हे नकाशावरील रेषा ठरवीत नाहीत. श्लीने एका देशाला रंग दिला आणि दुसऱ्याला आपली उत्कंठा; २०१८ मध्ये त्याचे निधन झाले तोवर दोन्ही नाती त्याने सारख्याच निष्ठेने सांभाळली.