साखळी सामन्यांचे परदेशगमन

ॲस्टन व्हिला या बर्मिंगहॅमच्या क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये इंग्लंडमधील १२ क्लबांनी फुटबॉल लीग स्थापन केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न मुख्यतः हिशेबाचा होता. खेळाडूंना उघडपणे पगार देण्यास १८८५ मध्येच मान्यता मिळाली होती. परंतु तो पगार ज्या तिकीटविक्रीतून काढायचा, ती चषक स्पर्धेतील नशिबावर आणि ऐनवेळी रद्द होणाऱ्या मैत्रीपूर्ण सामन्यांवर अवलंबून होती. यावर उपाय म्हणून प्रत्येक संघाने उरलेल्या ११ संघांशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, असे २२ सामने ठरल्या दिवशी खेळावेत, अशी रचना करण्यात आली. साखळी स्पर्धेचे हे मूळ रूप पुढे जगभर गेले. त्यात घरचे मैदान हे एकाच वेळी उत्पन्नाचे साधन आणि न्यायाची हमी होते, कारण मैदान, हवा आणि प्रेक्षक यांचा जो लाभ एका संघाला मिळे, तो परतीच्या सामन्यात दुसऱ्यालाही मिळत असे. असा सामना उचलून परदेशात नेला, तर ही बरोबरी मोडते आणि गावचा प्रेक्षक दुरावतो, हे उघड आहे. तरीही गेल्या काही दशकांत असे बेत ज्या ज्या वेळी फसले, त्या त्या वेळी निर्णायक ठरली ती बहुधा तिसरीच गोष्ट, म्हणजे कोणत्या भूमीवर कोणाचा अधिकार चालतो हा प्रश्न.

हा अधिकार कसा वाटला गेला आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९०४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या फिफा या जागतिक संस्थेखाली खंडनिहाय परिसंघ असतात, उदाहरणार्थ युरोपचा युएफा किंवा आशियाचा एएफसी. त्यांच्याखाली प्रत्येक देशाची एक राष्ट्रीय संघटना असते, आणि व्यावसायिक क्लबांची लीग ही त्या संघटनेच्या मान्यतेने, पण बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे, आपला कारभार चालवते. एका देशाचा अधिकृत सामना दुसऱ्या देशात खेळवायचा झाल्यास दोन्ही देशांच्या संघटना आणि दोन्ही खंडांचे परिसंघ यांची संमती लागते. थोडक्यात, लीगची तयारी असली तरी चार दारे ओलांडावी लागतात, आणि त्यांपैकी एक जरी बंद राहिले तरी बेत बारगळतो.

गरजेपोटी मात्र ही दारे अनेकदा उघडली गेली आहेत. लिक्टेनस्टाइनला स्वतःची साखळी स्पर्धा नसल्यामुळे तेथील वाडुझ हा क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतो, आणि इंग्लंडच्या भूमीवरील बेरिक रेंजर्स या क्लबने पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटलंडच्या लीगमध्ये सामने खेळले. उत्तर आयर्लंडमधील डेरी सिटीची कथा याहून कठोर आहे. तेथील हिंसाचारामुळे या क्लबला ब्रँडीवेल हे आपले मैदान सोडून दूर कोलरेन येथे ‘घरचे’ सामने खेळावे लागले. सुरक्षा दलांनी हरकत मागे घेतल्यावरही १९७२ मध्ये लीगमधील इतर क्लबांनी परतीची मागणी एका मताच्या फरकाने फेटाळली, तेव्हा क्लब लीगमधून बाहेर पडला. तेरा वर्षांनंतर, १९८५ मध्ये, त्याला सीमेपलीकडील आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला, आणि त्यामुळे एका देशाचे साखळी सामने दुसऱ्या देशाच्या भूमीवर नियमितपणे होऊ लागले. पैशाचा मोह नसताना नियम किती लवचीक होतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

वेल्समध्ये याच अधिकाराची दुसरी बाजू दिसली. १९९२ मध्ये तेथील संघटनेने स्वतंत्र राष्ट्रीय लीग सुरू केली आणि इंग्लंडच्या लीगव्यवस्थेत खेळणाऱ्या छोट्या वेल्श क्लबांनी परत यावे असा आदेश काढला. ज्यांनी तो मानला नाही, त्यांना वेल्सच्या भूमीवर ते सामने खेळण्यास मनाई करण्यात आली. परिणामी न्यूपोर्टच्या क्लबला ‘घरचे’ सामने इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे खेळावे लागले, आणि कॉलविन बे व कार्नार्वन या क्लबांवरही हीच पाळी आली. १९९५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही मनाई व्यवसायस्वातंत्र्यावर अन्याय्य बंधन घालणारी ठरवली आणि निर्वासित क्लबांचा आपल्या गावी खेळण्याचा हक्क मान्य झाला. येथे परदेशी सामने ही कमाईची संधी नसून चक्क शिक्षा होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नफ्याच्या उद्देशाने स्पर्धा आणि भूमी यांची फारकत करण्याचा सर्वांत धाडसी, आणि काहीसा हास्यास्पद, प्रयोग अमेरिकेत १९६७ च्या उन्हाळ्यात झाला. त्या वर्षी तेथे दोन व्यावसायिक लीग परस्परांच्या स्पर्धेत उभ्या राहिल्या होत्या. एकीकडे दूरचित्रवाणीचा करार होता पण फिफाची मान्यता नव्हती, तर दुसरीकडे, म्हणजे युनायटेड सॉकर असोसिएशनकडे, मान्यता होती पण खेळाडूच नव्हते. प्रतिस्पर्धी लीगने आधी बाजारात उतरू नये म्हणून या दुसऱ्या लीगने युरोप व दक्षिण अमेरिकेतील १२ क्लब सुट्टीच्या काळात अख्खेच्या अख्खे आयात केले आणि त्यांना अमेरिकी व कॅनडियन शहरांची नावे दिली. इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा संघ लॉस एंजलिस वुल्व्हज झाला, स्टोक सिटी क्लीव्हलँडचा झाला, इटलीचा काल्यारी शिकागोचा, ब्राझीलचा बांगू ह्यूस्टनचा, तर स्कॉटलंडचा ॲबरडीन वॉशिंग्टनचा झाला. अंतिम सामन्यात वुल्व्हजनी ॲबरडीनवर ६–५ अशी मात केली. फुटबॉलमध्ये असे धावफलक क्वचितच दिसतात. तरीही त्या विजेतेपदाला वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये सहलीतील आठवणीपलीकडे मोल आले नाही, कारण त्या क्लबचे खरे गुण त्याच्या स्वतःच्या देशातील तालिकेत मोजले जात होते. खेळाडू जहाजाने किंवा विमानाने नेता येतात, पण गुणतालिकेचे वजन त्यांच्याबरोबर जात नाही, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष अमेरिकी गुंतवणूकदारांनी पुढे पक्का लक्षात ठेवला असावा, असे नंतरच्या घटनांवरून वाटते.

१९९० च्या दशकात युरोपमध्ये सीमा सैल होत असताना फुटबॉलच्या सीमा मात्र घट्टच राहिल्या. लंडनच्या विम्बल्डन क्लबला स्वतःचे मैदान उरले नव्हते, म्हणून त्याच्या मालकांनी तो डब्लिनला नेण्याचा विचार बराच काळ चालवला. आपल्या राजधानीत इंग्लंडची लीग आली तर देशी लीग मोडेल, या भीतीने आयर्लंडच्या संघटनेने त्यास विरोध केला आणि अखेर २००३ मध्ये तो क्लब इंग्लंडमधीलच मिल्टन कीन्सला गेला. बेल्जियमच्या मूक्रोन क्लबने १९९७ मध्ये फ्रान्सच्या मेट्झविरुद्धचा युएफा चषकातील आपला घरचा सामना सीमेलगतच्या लील या फ्रेंच शहरात खेळण्याची परवानगी मागितली होती, ती युएफाने नाकारली. त्यावर लीलच्या नागरी प्रशासनाने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. परंतु घरचा सामना स्वतःच्या देशातच व्हावा हा नियम खेळाच्या संघटनेचा अंगभूत भाग आहे, बाजारातील स्पर्धेचा प्रश्न नव्हे, असे मानून आयोगाने १९९९ मध्ये ती फेटाळली. राष्ट्रनिहाय विभागणीच्या समर्थकांना यामुळे दीर्घकाळ आधार मिळाला.

दरम्यान या तटबंदीला एक खिंडार पडलेले होते. हंगामाच्या तोंडावर लीगविजेता आणि चषकविजेता यांच्यात होणारा ‘सुपर कप’ हा एकच सामना असल्यामुळे त्यात कोणाचेही घरचे मैदान हिरावले जात नव्हते. १९९३ मध्ये, अमेरिकेत विश्वचषक होण्याच्या आदल्या वर्षी, इटलीने मिलान आणि तोरिनो यांच्यातील हा सामना वॉशिंग्टनला नेला. २००२ मध्ये तो त्रिपोलीत झाला, ज्या वर्षी लिबियाच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने युव्हेंटसमध्ये भागभांडवल घेतले होते. नंतर बीजिंग, दोहा, शांघाय आणि सौदी अरेबियातील शहरे यजमान झाली. फ्रान्सने २००९ पासून हाच सामना माँट्रियल, ट्युनिस, टँजियर, लिब्रेव्हिल अशा ठिकाणी नेला, ज्यात जुन्या वसाहतींचा आणि फ्रेंच भाषेचा नकाशा स्पष्ट दिसतो. स्पेनमध्ये ही लढत परंपरेने दोन्ही संघांच्या मैदानांवर होत असे, म्हणजे तेथे गमावण्यासारखे काहीतरी होते. तरीही २०१८ मध्ये ती टँजियरमध्ये एका सामन्यात उरकण्यात आली आणि २०२० पासून चार संघांची स्पर्धा होऊन सौदी अरेबियात गेली.

साखळी सामन्यालाच हात घालण्याचे धैर्य युरोपने अमेरिकेकडून उसने घेतले. बास्केटबॉलच्या एनबीएने १९९० मध्येच टोकियोत नियमित हंगामाचे सामने खेळवले होते, आणि अमेरिकी फुटबॉलची एनएफएल ही लीग २००५ मध्ये मेक्सिको सिटीत व २००७ मध्ये लंडनच्या वेम्बलीत पोहोचली होती. वेम्बलीतील त्या सामन्यानंतर चारच महिन्यांत, फेब्रुवारी २००८ मध्ये, प्रीमियर लीगचे मुख्य कार्यकारी रिचर्ड स्कुडामोर यांनी ‘एकोणचाळिसावा सामना’ ही योजना मांडली. २० संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाचे ३८ सामने होतात. जानेवारी २०११ पासून त्यात आणखी एका सामन्याची भर घालावी, ती फेरी जगातील पाच शहरांत खेळवावी आणि तिचे गुण तालिकेत धरावेत, असा हा बेत होता. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार होत्या, मात्र अव्वल पाच संघ एकमेकांसमोर येऊ नयेत अशी सोय केलेली होती. ज्या बरोबरीसाठी साखळी पद्धत निर्माण झाली, तिलाच यात सोडचिठ्ठी होती, कारण एखाद्या संघाला एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीनदा आणि दुसऱ्याशी दोनदा खेळावे लागले असते. प्रेक्षक संघटनांनी निषेध केला. पण योजना मोडली ती फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर आणि आशियाई परिसंघाचे अध्यक्ष मोहम्मद बिन हम्माम यांनी विरोध केल्यावर. आशियातील आक्षेप सरळ होता: श्रीमंत पाहुण्याने येऊन स्थानिक लीगचा प्रेक्षक पळवू नये.

या संदर्भात भारतीय वाचकाला २००९ ची इंडियन प्रीमियर लीग आठवेल. लोकसभा निवडणुकीमुळे सुरक्षा मिळेना, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या क्रिकेट नियामक मंडळाने संपूर्ण स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलवली आणि काही आठवड्यांत व्यवस्था उभी राहिली. लीग आणि राष्ट्रीय संघटना तेथे एकच असल्यामुळे घरचे दार ठोठावावेच लागले नाही. स्पेनमध्ये नेमके उलट घडले. ला लीगाने २०१८ मध्ये रेलेव्हंट या अमेरिकी कंपनीशी १५ वर्षांचा करार केला आणि जिरोना–बार्सिलोना सामना जानेवारी २०१९ मध्ये मायामीत घेण्याचे जाहीर केले. लीगशी उभा दावा असलेल्या स्पॅनिश संघटनेने विरोध केला, फिफाच्या परिषदेनेही नापसंती नोंदवली, आणि बार्सिलोनाने माघार घेतली. वर्षभराने व्हिलारेआल–ॲटलेटिको माद्रिद सामन्याचा बेत माद्रिदच्या न्यायालयात अडला.

रेलेव्हंटने तेव्हा रणांगण बदलले. इक्वेडोरमधील एक लीग सामना मायामीत भरवण्यास अमेरिकी संघटनेने नकार दिल्यावर कंपनीने २०१९ मध्ये ती संघटना आणि फिफा यांच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. भूमीची वाटणी ही खेळाची रचना नसून बाजाराची बेकायदा विभागणी आहे, हा तिचा युक्तिवाद मूक्रोन प्रकरणातील निष्कर्षाच्या थेट विरुद्ध होता. आधी फेटाळला गेलेला हा दावा २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा जिवंत केला, आणि २०२४ मध्ये फिफाने तडजोड करून परदेशी सामन्यांच्या नियमांचा फेरविचार सुरू केला. नियम असे अधांतरी राहिल्यामुळे युएफालाही ठाम नकार देता येईना. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने नाइलाज म्हणून आणि अपवाद म्हणून दोन सामन्यांना परवानगी दिली. त्यांपैकी एक मायामीतील व्हिलारेआल–बार्सिलोना होता, तर दुसरा पर्थमधील मिलान–कोमो, कारण हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनामुळे मिलानचे सान सिरो मैदान अडणार होते.

चारही दारे उघडण्याच्या बेतात असताना प्रथमच खेळाडूंचा विरोध निर्णायक ठरताना दिसला. स्पेनमध्ये सामना सुरू होताच खेळाडू पहिले १५ सेकंद जागेवर स्तब्ध उभे राहिले, रेआल माद्रिदने लेखी हरकत घेतली, आणि २१ ऑक्टोबरला मायामीचा सामना रद्द झाला. पर्थचा सामना मात्र जुन्याच पद्धतीने कोसळला. आशियाई परिसंघाने मान्यतेसोबत अटी घातल्या, आर्थिक जोखीम वाढली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो सोडून देण्यात आला. त्याच महिन्यात इटलीचा सुपर कप रियाधमध्ये चार संघांनी खेळला आणि नापोलीने तो जिंकला.